नाटकाच्या वर्गात नव्याने आलात? अभिनयाचा सराव कुठून आणि कसा सुरू करायचा

नाटकाच्या कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांना रडून दाखवता येतं, ओरडून दाखवता येतं, कुणाची तरी हुबेहूब नक्कल करता येते. प्रवेशाच्या वेळी तेवढ्यावर निभावून जातं. वर्ग सुरू झाले की शिक्षक मात्र ‘नीट उभे राहा’, ‘समोरच्याचं ऐका’, ‘वाक्य पूर्ण करा’ अशा साध्या साध्या सूचना देत राहतात आणि नवखा विद्यार्थी गोंधळतो. मला तर आतून खरंच वाटत होतं, मग ते पोचलं का नाही?

कारण प्रेक्षकाला तुमचं वाटणं दिसत नाही. त्याला दिसतं ते तुम्ही काय करताय, आणि ऐकू येतं ते तुम्ही कुणाला काय म्हणताय. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावनेचा). नवखे थेट सात्त्विकावर उडी मारतात, म्हणजे डोळ्यांत पाणी आणायच्या मागे लागतात. शरीर आणि वाणी तयार नसेल तर ते पाणी तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. म्हणून खालचा क्रम शरीरापासून सुरू होतो आणि भावनेपाशी बराच उशिरा येतो. पहिल्या सहा महिन्यांत रोज पाऊण तास एवढं केलंत तरी वर्गात मिळणारी प्रत्येक सूचना अंगात उतरायला जागा तयार होते.

वर्गाला येताना

गुडघे वाकवता येतील, जमिनीवर लोळता येईल असे सैल कपडे घाला. घड्याळ, अंगठ्या, लोंबते कानातले, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. जोडीच्या व्यायामात हात पकडताना अंगठी अडकली तर बोट दुखावतं, समोरच्याला ओरखडाही पडतो. केस चेहऱ्यावर येत असतील तर बांधा. भरपेट खाऊन शरीराचा वर्ग करू नका, मध्ये निदान दीड-दोन तास जाऊ द्या.

संहितेची प्रत अशी करून घ्या की एका बाजूला संवाद आणि समोरचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर हालचाली, अर्थ, शंका लिहायच्या. पेनाने नाही, पेन्सिलीने, कारण पहिल्या पंधरा दिवसांत ठरलेल्या हालचालींतल्या निम्म्या पुढे बदलतात. पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही आणि प्रयोगाच्या तोंडावर आपल्यालाच कळत नाही की शेवटचं ठरलेलं कोणतं.

शरीर: आधी जादाचा ताण काढायचा

पाठीवर झोपा. गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा, दोन पावलांत नितंबांच्या रुंदीइतकं अंतर. डोक्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं पुस्तक, हात पोटावर. असं दहा मिनिटं. गुडघे वाकवल्यामुळे कंबरेची कमान आपोआप सैल होते आणि पुस्तकामुळे मान मागे मोडत नाही. या दहा मिनिटांत तीन जागा तपासत राहा: दात एकमेकांवर दाबलेले आहेत का, जीभ टाळूला चिकटून आहे का, खांदे कानांकडे सरकलेत का. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, डोकं सगळ्यात शेवटी वर आणा. मान ताणून झटक्यात उठलात तर मिळवलेला सैलपणा तिथेच जातो.

मग पाच मिनिटं सांधे. मान पुढे आणि दोन्ही बाजूंना, गोल फिरवताना मागे टाकायची नाही. खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. त्यानंतर उभं राहून हनुवटी छातीकडे सोडा आणि मणका वरून खाली, मणी मणी सोडत वाकत जा. गुडघे किंचित सैल ठेवा. वर येताना उलट क्रम, डोकं सर्वांत शेवटी. घाई केली तर गरगरतं. पाठीचं दुखणं असेल तर शिक्षकांना आधी सांगा आणि हा भाग त्यांच्या देखरेखीखालीच करा.

आता चालणं. खोलीभर चाला आणि शरीराचा एकच भाग पुढे काढा: आधी नाक, मग छाती, मग पोट, मग गुडघे. प्रत्येक वेळी वेग बदलतो, नजर बदलते, आणि थोड्या वेळाने मनातले विचारही बदलतात. भूमिकेची चाल शोधायची तर सुरुवात इथून करा. ‘म्हातारा माणूस’ म्हणून कंबरेत वाकणं हा आयता साचा झाला. या माणसाचं काय दुखतं, तो कशापासून अंग चोरतो, हे ठरलं की वाकण्याची जागा आणि प्रमाण आपोआप ठरतं.

रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या हालचालींच्या अभ्यासकाने मांडलेली एक कसोटी इथे फार कामाची आहे. कोणतीही क्रिया जड की हलकी, अचानक की सावकाश, सरळ की वळणावळणाची, असे तीन प्रश्न विचारायचे. तीन प्रश्नांच्या दोन-दोन उत्तरांतून आठ जोडण्या होतात. ठोसा जड, अचानक आणि सरळ. पिळणं जड, सावकाश आणि वळणाचं. टिचकी हलकी, अचानक, वळणाची. तरंगणं हलकं, सावकाश, वळणाचं. आपलं एकच वाक्य आधी ठोशासारखं हात चालवत म्हणा, मग पिळत, मग तरंगत. शेवटी हात थांबवा आणि तीच क्रिया फक्त आवाजात राहू द्या. ‘आवाजात वैविध्य आण’ या सूचनेवर याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

नवख्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘हातांचं काय करू?’ हात तेव्हाच परके वाटतात जेव्हा माणसाला रंगमंचावर काही काम नसतं. उत्तराऐवजी हा सराव करा: दोन मिनिटांचं स्वगत हात बाजूला सोडून, पाय न हलवता पूर्ण म्हणा. अवघड जाईल, बोटं चाळवतील, प्रत्येक वाक्याला वजन या पायावरून त्या पायावर जाईल. ती चाळवाचाळव म्हणजे वाक्यात जायला हवी होती ती ताकद गळून जाणं. पाच-सहा वेळा झाल्यावर फक्त तीन ठिकाणी चालायची मुभा घ्या, आणि ती ठिकाणं आधी संहितेत खूण करून ठरवा.

श्वास आणि आवाज

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (१८६९–१९५५) हा नाट्यवाचनाचे कार्यक्रम करणारा कलावंत होता. त्याचा आवाज वारंवार बसू लागला. त्याने आरशांसमोर उभं राहून स्वतःला न्याहाळलं, तेव्हा दिसलं की बोलायला सुरुवात करताना तो डोकं मागे खेचतोय, स्वरयंत्र खाली दाबतोय आणि तोंडाने आवाज करत श्वास ओढतोय. नाटकाच्या वर्गात आजही निम्म्या जणांचं हेच होतं. फोनवर बाजूने स्वतःचं चित्रण करा आणि पहिला शब्द निघण्याआधीचा तो एक क्षण पाहा. हनुवटी वर उचलली जात असेल तर आवाजाचं दुखणं गळ्याच्या आधी मानेत आहे.

रोजचा आवाजाचा सराव पंधरा मिनिटांचा, आणि क्रम बदलायचा नाही.

एक. सगळा श्वास सोडा, क्षणभर थांबा आणि आपोआप आत येऊ द्या. हात बरगड्यांच्या खालच्या बाजूंवर ठेवा. पोट आणि बरगड्या रुंद व्हायला हव्यात, खांदे उचलले जायला नकोत. छाती फुगवून घेतलेला मोठा श्वास पहिल्या दोन शब्दांतच उधळला जातो.

दोन. ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज करत श्वास सोडा. पंधरा सेकंदांपासून सुरू करा, आठवड्याला दोन-तीन सेकंद वाढवा. शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. पिळलं की गळा आवळतो आणि तीच सवय लागते.

तीन. ओठ मिटून ‘म्म्म’. नाकाच्या आसपास आणि ओठांवर झिणझिण जाणवली पाहिजे. मग ओठ फडफडवत खालच्या स्वरातून वर आणि परत खाली. आवाज जिथे तुटतो तिथे जोर लावू नका, तिथून पुन्हा हळू जा.

चार. गुणगुणतच तोंड उघडा: मा, मे, मी, मो, मू. जबडा सैल. मग एका श्वासात एक ते दहा आकडे समोरच्या भिंतीला सांगा, नंतर एक ते वीस.

पाच. उच्चार. ‘चटईला टाचणी टोचली’ आणि ‘कच्चा पापड, पक्का पापड’ आधी अगदी सावकाश, प्रत्येक व्यंजन चावून, मग वेगाने. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, ते जोडीने घोळवा: चाक–चार, जाळ–जीव, झाड–झेंडा. ळ आणि ल, ण आणि न यांची जोडीही तशीच: काळ–काल, मण–मन. ख, घ, थ, ध, भ यांतला ह-कार थकल्यावर सर्वांत आधी गळतो. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. तुमच्या गावची, घरची बोली पुसून टाकण्यासाठी हा सराव नाही. ती बोली ही तुमच्याजवळची भूमिका आहे. प्रमाण उच्चारही हाताशी हवेत, म्हणजे कुठल्या पात्राला काय द्यायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

आता सर्वांत मोठी चूक. मराठी वाक्याचं क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात, आणि श्वास नेमका शेवटीच संपतो. ‘मी त्याला कधी ओळखलं नाही’ या वाक्यातला ‘नाही’ गिळला तर मागच्या रांगेला अर्थच उलटा ऐकू जातो. यामागे श्वास कमी पडणं एवढंच कारण नसतं. बोलणाऱ्याच्या डोक्यात विचार आधीच पूर्ण झालेला असतो, त्यामुळे शेवटचे दोन शब्द त्याला फुकट वाटतात. उपाय: प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर मांडीवर थाप मारत उतारा वाचा. मग वाक्यं शेवटच्या शब्दापासून मागे जोडत वाचा: ‘नाही’, ‘ओळखलं नाही’, ‘कधी ओळखलं नाही’, ‘त्याला कधी ओळखलं नाही’. चार दिवस असं केलं की वाक्याचं टोक आपोआप वर राहतं.

मोठ्या सभागृहात पोचायचं म्हणजे ओरडायचं असं नाही. मित्राला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याच्याशी बोला, त्याच्याकडून काहीतरी हवंय अशा बेताने. त्याला कुठला शब्द कळला नाही तर त्याने हात वर करायचा. बहुतेक वेळा आवाज पुरेसा असतो, व्यंजनं ढिली असतात.

आवाज बसला तर त्या दिवशी गप्प राहा. कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. सारखं खाकरूही नका, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. दुखत असताना ‘तालीम बुडू नये’ म्हणून ओरडून केलेला एक प्रवेश आठवडाभराचा आवाज घालवतो. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

संहिता: ‘काय वाटतं’ सोडा, ‘काय हवंय’ शोधा

कॉलेजात हमखास करायला मिळणारा व्यायाम म्हणजे कोणताही अर्थ चिकटू शकेल असा कोरा प्रवेश. हा नमुना घ्या:

अ: आलास.
ब: दार उघडं होतं.
अ: मीच ठेवलं होतं.
ब: थांबू का?
अ: तुझ्यावर आहे.
ब: पत्र मिळालं?
अ: मिळालं.
ब: मग?
अ: अजून उघडलं नाही.

पहिल्या वाचनात सगळे जण हे ‘गंभीरपणे’ वाचतात, म्हणजे हळू, खालच्या पट्टीत, वाक्यांमध्ये लांब थांबे घेत. ऐकायला बरं वाटतं आणि कुणालाच काही कळत नाही. आता परिस्थिती ठरवा. दोघे भाऊ, तीन वर्षांनी भेटताहेत. पत्र वाटणीचं आहे, ब ला सही हवीय, अ ला ती आजच्या दिवसापुरती तरी टाळायचीय. लगेच ‘थांबू का?’ हा दबाव होतो, ‘तुझ्यावर आहे’ ही पळवाट होते आणि ‘अजून उघडलं नाही’ हा नकार. आता परिस्थिती बदला. पत्रात ब ने स्वतःचा गुन्हा कबूल केलाय, पाठवल्यावर त्याला पस्तावा झालाय आणि ते न वाचलेलं पत्र त्याला परत हवंय. अ ला मात्र ते कागदावर वाचण्यापेक्षा ब च्या तोंडून ऐकायचंय. शब्द तेच आहेत, पण आता ‘अजून उघडलं नाही’ ऐकून ब चे खांदे खाली येतात, आणि अ ला ते दिसतं. ‘मीच ठेवलं होतं’ यातला ‘च’ पहिल्या वेळी टोमणा होता, दुसऱ्या वेळी आमंत्रण होतो.

प्रत्येक प्रवेशासाठी कोऱ्या पानावर सहा उत्तरं लिहा: मी कोण, कुठे, केव्हा, नुकतंच काय घडलं, समोरच्याकडून मला काय हवंय, ते मिळण्यात आडवं काय येतंय. चौथं उत्तर सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि तेच प्रवेशाची पहिली ओळ ठरवतं. जिना चढून आलेला माणूस आणि दाराबाहेर दहा मिनिटं घुटमळलेला माणूस एकाच तऱ्हेने आत येत नाहीत.

मग वाक्यासमोर क्रियापद लिहा. ते दुसऱ्या माणसावर करता आलं पाहिजे. ‘दुःखी होणे’, ‘चिडणे’ चालणार नाही. चुचकारणे, खडसावणे, विनवणे, झिडकारणे, आमिष दाखवणे, कबूल करायला लावणे, गप्प बसवणे, अंदाज घेणे हे चालेल. कसोटी सोपी आहे: मला हवं ते मिळालं की नाही हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसेल का? दिसणार असेल तर क्रियापद बरोबर. क्रियापद बदलतं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा. दोन मिनिटांच्या स्वगतात अशा चार ते सहा रेघा आल्या म्हणजे ठीक. एकही नसेल तर स्वगत एकसुरी होणार. पंधरा असतील तर तुम्ही प्रत्येक वाक्याला वेगळा चेहरा देताय.

परिस्थिती, उद्दिष्ट आणि क्रिया या दिशेने विचार करायची शिस्त लावणारा मोठा गुरू म्हणजे कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८). १८९८ साली नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासोबत त्याने मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं. भावनेच्या स्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या जुन्या अनुभवातली भावना आठवून ती भूमिकेत वापरण्यावर, त्याने काम केलं खरं, पण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याचा भर शारीरिक क्रियांकडे वळला: आधी नेमकी कृती करा, भावना तिच्या मागे येऊ द्या. नवख्या विद्यार्थ्याने हाच टप्पा आधी गाठावा असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या आयुष्यातलं ताजं दुःख उकरून प्रवेश रंगवायचा प्रयत्न पहिल्या वर्षात करू नका. ते दुःख मागाल तेव्हा येत नाही, आणि आलं तर वर्ग संपल्यावर जात नाही.

पाठांतर

अर्थ आणि क्रियापदं ठरल्याशिवाय पाठ करू नका. आधी पाठ केलं तर त्याबरोबर एक सूरही पाठ होतो आणि पुढे दिग्दर्शकाने काहीही सांगितलं तरी तो सूर निघत नाही. पाठ करताना सपाट आवाजात, रंग न देता म्हणा. तीन-चार वाक्यांचे तुकडे करा. एक तुकडा हाताने लिहून काढा, न पाहता म्हणा, मग पुढचा जोडा. झोपण्याआधी एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा म्हणून पाहा. एका बैठकीत तीन तास घोकण्यापेक्षा हे टिकतं.

फक्त आपली वाक्यं नका पाठ करू. समोरच्याच्या वाक्यातला कुठला शब्द आपल्याला बोलायला लावतो त्याभोवती खूण करा. तो बहुतेकदा वाक्याच्या मध्येच असतो. म्हणजे बोलण्याची गरज तिथेच जन्मते आणि वाक्य संपेपर्यंत तुम्हाला ती दाबून धरावी लागते. हे कळलं की संवादांमधली निर्जीव पोकळी जाते.

अव्ययं जपा. ‘मी येतो’, ‘मीच येतो’, ‘मी येतोच’, ‘मी तर येतो’ ही चार वेगळी माणसं आहेत. नवखे ‘ना’, ‘तर’, ‘म्हणजे’, ‘अरे’ मनाने घालतात आणि लेखकाने घातलेले गाळतात. लयही बिघडते, आणि समोरच्याचा क्यू, म्हणजे ज्या शब्दावर त्याने बोलायला लागायचं ती खूण, चुकतो.

पाठांतर पक्कं झालं का हे पाहायला कपड्यांच्या घड्या घालत किंवा चेंडू झेलत संवाद म्हणा. हात कामात असताना जिथे अडाल तिथे पाठांतर कच्चं आहे. एकाच जागी वारंवार अडत असाल तर घोकू नका, आधीच्या विचारातून पुढचा विचार कसा निघतो ते शोधा. ती कडी सापडलेली नसते.

समोरच्याचं ऐकणं

सॅनफर्ड माइस्नर (१९०५–१९९७) या अमेरिकन शिक्षकाचा पुनरुक्तीचा व्यायाम जोडीने करा. समोरासमोर बसा. एकाने दुसऱ्याबद्दल डोळ्यांना दिसणारी गोष्ट म्हणायची: ‘तुझ्या बाहीचं बटण उघडं आहे.’ दुसऱ्याने: ‘माझ्या बाहीचं बटण उघडं आहे.’ हेच तीन मिनिटं. सूर मुद्दाम बदलायचा नाही, विनोद करायचा नाही. समोरचा हसला, वैतागला, अवघडला की सूर आपोआप बदलेल, तो बदलू द्या. पुढे ‘तू वैतागलास’ असं दिसलं तर तेच वाक्य उचला. पहिल्या मिनिटाला कंटाळा येतो, दुसऱ्या मिनिटाला माणूस चमकदार काहीतरी करायला जातो. काही न करता बघत राहणं जमलं की व्यायाम सुरू झाला असं समजा.

उत्स्फूर्त अभिनयाच्या तासांना एवढं लक्षात ठेवा: समोरच्याने मांडलेली गोष्ट स्वीकारा आणि तिच्यात भर घाला. त्याने खिडकी उघडली तर तिथे खिडकी आहे, नंतर तुम्ही तिच्यातून चालत जायचं नाही. नुसते प्रश्न विचारत राहू नका, त्यामुळे सगळा भार समोरच्यावर पडतो.

तालमीत

दिशा नटाच्या बाजूने ठरतात. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमचा उजवा हात जिकडे ती उजवी बाजू. प्रेक्षकांजवळचा भाग डाउन स्टेज, लांबचा अप स्टेज, कारण जुने रंगमंच मागे उंच आणि पुढे उतरते असत. हालचाल मिळाली की लगेच लिहा: कुठल्या शब्दावर निघायचं, कुठे पोचायचं. शेजारी लहान अक्षरांत ‘का’ तेही लिहा. कारण नसलेली हालचाल पुढच्या तालमीत विसरली जाते. समोरचा नट तुमच्यापेक्षा अप स्टेजला गेला तर त्याच्याशी बोलताना तुमची पाठ प्रेक्षकांना होते. एक पाऊल त्याच्या रेषेत सरका आणि हे वाद न घालता दिग्दर्शकाच्या लक्षात आणून द्या.

मारामारी, ढकलाढकली, थप्पड यांची तालीम जाणकाराशिवाय करू नका. केस ओढण्याच्या प्रवेशात पकडणाऱ्याची मूठ डोक्यावर नुसती टेकते, ज्याचे केस ओढले जाताहेत तोच ती मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवतो आणि हालचाल तोच चालवतो. सगळं आधी निम्म्या वेगाने, आणि सुरू करण्यापूर्वी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून तयारी कळवायची. स्पर्शाच्या प्रवेशांतही तसंच: कुठे हात लागलेला चालेल, कुठे नाही, हे शिक्षकांसमोर आधी बोलून ठरवा आणि ठरलेल्यापलीकडे ‘ओघात’ जाऊ नका. जड प्रवेशानंतर दोन मिनिटं हातपाय झटका, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, सहकलाकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, मगच पाण्याला जा.

सूचना मिळताना लिहून घ्या, तिथल्या तिथे स्पष्टीकरण देऊ नका. ‘एनर्जी वाढव’ अशी सूचना आली तर तिचं कामात रूपांतर करा. बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते: क्यू उशिरा उचलला जातोय, वाक्याची टोकं पडताहेत, किंवा मागणीच मिळमिळीत आहे. पुढच्या वेळी एकच बदलून पाहा. तिन्ही एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि सगळ्यांचा आरडाओरडा तेवढा वाढेल.

रंगीत तालीम आणि प्रयोग

भूमिकेचे बूट किंवा चपला पहिल्या आठवड्यापासून घालून तालीम करा. चाल तिथून बदलते. प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर हाताळायच्या वस्तू, खरी मिळेपर्यंत त्याच आकार-वजनाची पर्यायी वस्तू वापरा. रिकाम्या हाताने पत्र वाचायची सवय लागली तर प्रयोगात खरा कागद उघडायला लागणारा वेळ संवादात बसत नाही. विंगेतल्या (रंगमंचाच्या कडेच्या आडोशामागच्या) टेबलावरच्या वस्तू प्रयोगाआधी स्वतः मोजा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका.

प्रकाशात उभं राहणं चेहऱ्यावर शिकायचं असतं. जुन्या प्रखर दिव्यांखाली ऊब जाणवते, एलईडीखाली ती फारशी जाणवत नाही. तिथे डोळ्यांच्या कडेने उजेडाचा भर ओळखा. जमिनीवरची खूण शोधायला मान खाली घालू नका, तालमीतच पावलं मोजून ठेवा.

हशा आला तर तो पूर्ण विरेपर्यंत थांबू नका आणि त्याच्यावर बोलूही नका. तो चढतो, टोकाला जातो आणि उतरायला लागतो, तिथे पुढचं वाक्य उचला. मधल्या वेळात थिजून राहू नका, करत असलेली क्रिया चालू ठेवा. वाक्य आठवलं नाही तर नजर वर छताकडे किंवा विंगेकडे जाते आणि प्रेक्षकांना तिथेच कळतं. श्वास सोडा, समोरच्याकडे पाहा, त्याच्याकडून काय हवं होतं ते आठवा. मूळ शब्द सापडले नाहीत तरी तो मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडा, कारण समोरच्याला क्यू हवा असतो.

प्रयोग संपल्यावर मोठ्याने गप्पा मारत गोंगाटात उभे राहू नका. दहा मिनिटं हलकं गुणगुणून आवाज खाली आणा, पाणी प्या. मेकअप उतरवा, प्रॉपर्टी जागेवर ठेवा, आणि त्याच रात्री वहीत तीन ओळी लिहा: कुठे ऐकणं तुटलं, कुठलं वाक्य पोचलं नाही, कुठली क्रिया आज नव्याने सापडली. दुसऱ्या प्रयोगाच्या आधीचा सराव या तीन ओळींपासून सुरू करा.